मीथॉटमधला मी

कोशाच्या कचेरीत तिला सगळे मुळेबाई म्हणत. तिचं आडनाव मुळे नव्हतं. इंग्रजी शब्दांची मुळं खणायचं काम तिच्याकडे होतं, आणि दिवसभर दुसऱ्यांचे शब्द चाळणाऱ्या माणसांना स्वतःची अक्कल चालवायला टोपणनावांपलीकडे जागा उरत नाही, म्हणून हे नाव. तिच्या शेजारच्या मेजावर कात्री बसे. तिचंही खरं नाव अर्थातच कात्री नव्हतं. बाकीच्यांनी लिहिलेल्या लांबलचक नोंदी कापून पानात बसवायच्या, हे तिचं काम. एक खणणार, दुसरी कापणार. एकोणीस वर्षं दोघींची मेजं एकमेकांना चिकटलेली होती. डबा एकत्र, चष्मा पुसायचं फडकं एक आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टीही एकच. प्रधान संपादक, म्हणजे सगळ्यांचे साहेब, त्यांना जोडाक्षर म्हणत. जोडाक्षरातलं एक अक्षर नेहमी अर्धंच असतं, हे त्या विद्वान माणसाच्या कधी लक्षात आलं नाही, आणि त्या दोघींच्याही नाही.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, पण ती दुसऱ्या मजल्यावरच्या विमा कंपनीची असल्यासारखी वागायची; तिसऱ्यापर्यंत आली तर उपकार. आत भिंतीला लागून लोखंडी कपाटं, कपाटांत अरुंद खण आणि खणांत कार्डं. एका शब्दाला एक कार्ड, आणि हट्टी शब्दाला गठ्ठा. इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ, त्याखाली त्याच्या मुळाची टीप आणि सगळ्यांत शेवटी बारीक टायपात दोन अक्षरं. ही दोन अक्षरं म्हणजे नोंद करणाऱ्याच्या नावाची. पहिल्या संपादकांनी ही शिस्त घालून दिली होती, मानासाठी नव्हे, तर उद्या चूक सापडली की कोणाचा कान धरायचा ते कळावं म्हणून. पण माणसाचं काय, तो कान धरायच्या खुंटीलाही मान समजतो. मुळेबाईच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि तिथे येणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना तो जुना खंड उघडून भिंगाखाली ती दोन अक्षरं दाखवायचा. नजर तपासायला बरी पडतात म्हणायचा.

दुसऱ्या आवृत्तीचं काम चालू असताना मुळेबाईच्या खणात मीथॉट आला. जुना शब्द, आता कोणी बोलत नाही. मीथिंक्सचा भूतकाळ. शाळेत सगळ्यांना एकच शिकवलेलं: हे आपल्या नेहमीच्या थिंकचं, म्हणजे विचार करण्याचं, जुनं रूप. पहिल्या आवृत्तीतही तसंच छापलं होतं. दुसरा कोणी असता तर कार्ड उतरवून घेऊन दहा मिनिटांत चहाला गेला असता. मुळेबाई अडली ती सुरुवातीच्या इंग्रजी मीपाशी. विचार केला तो मी ना? मग इंग्रजीत तिथे आय हवा. हा मी इथे काय करतोय?

त्या प्रश्नाने तिचे चौदा महिने खाल्ले. दूरच्या एका ग्रंथालयाला पत्रं गेली, तिथून जुन्या पोथ्यांच्या भलत्याच पानांच्या प्रती आल्या, पुन्हा पत्रं गेली. शेवटी एका दुपारी बरोबर पान हाती आलं, आणि त्या पानावर हिम थॉट असं होतं. ही थॉट नव्हे, हिम थॉट. तिने ते तीनदा वाचलं आणि डबा उघडत असलेल्या कात्रीच्या कोपराला धरलं.

"मीथॉट. यातला मी कोण, सांग."

"मी म्हणजे मी. अजून कोण?" कात्री म्हणाली.

"नाही. तो दिसतो मी, पण आहे मला. मीथॉट म्हणजे मला वाटलं. हे बघ, हिम थॉट, त्याला वाटलं. आपण मी वाटलं म्हणतो का? वाटणं आपण करतच नाही. ते आपल्याला होतं, ताप येतो तसं. त्यांच्यात पूर्वी दोन क्रियापदं होती. एक विचार करायचं, एक वाटायचं. भाऊबंदच, पण घरं वेगळी. दोघांचा उच्चार इतका जवळचा की पुढे पुढे लोकांचा घोटाळा झाला आणि विचार करणाऱ्याने वाटणाऱ्याचं घर बळकावलं. वाटणारं मेलं. त्याचं एवढं एक हाड राहिलंय."

कात्री घास हातात धरून ऐकत होती. मग ती हसायला लागली. "एका मला साठी चौदा महिने. नमनाला घडाभर तेल ते हेच. अगं, आमच्या शेजारणीला विचारलं असतंस तर तिनेही मीथॉट म्हणजे मला वाटलं, असंच सांगितलं असतं."

"अर्थ तिने सांगितला असता. नातं कोण सांगणार?"

"आणि त्या चौदातले तीन तर तुझे..." कात्री म्हणाली आणि थांबली. मुळेबाईने मान हलवली. दोघींनी डबा संपवला.

ते तीन महिने कात्रीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते. मुळेबाईची आई तेव्हा शेवटच्या आजारात होती. रजा संपली होती, म्हणून मुळेबाई कचेरीत येई, खण उघडे, एक कार्ड हातात घेई आणि संध्याकाळपर्यंत तेच कार्ड हातात असे. अक्षरं दिसायची, शब्द दिसायचा नाही. कात्रीने एक अवाक्षर विचारलं नाही. ती स्वतःच्या नोंदी आवरून मुळेबाईची किरकोळ कार्डं ओढून घेई, भराभर लिही, आणि खाली मुळेबाईची दोन अक्षरं टाकून तिच्या ट्रेमध्ये ठेवून देई. तीन महिन्यांत कोणाला पत्ता लागला नाही. आई गेल्यावर मुळेबाईने तिचे आभार मानायचा प्रयत्न केला, तर कात्री म्हणाली, "गप बस. सख्ख्या बहिणीला कोणी थँक्यू म्हणतं का?" मुळेबाईला सख्खी बहीण नव्हती. त्या दिवसापासून तिने मनातल्या मनात ती नेमणूक करून टाकली.

मग वरून पत्र आलं. पाहणी समिती येणार होती. कोश फुगत चाललाय, मुळांच्या टिपा ठेवायच्या की गाळायच्या ते समिती ठरवणार. टिपा गेल्या की मुळेबाईचं मेज गेलं, ही सरळ गोष्ट होती. नोकरी जाणार नव्हती. तळमजल्यावर टपाल घ्यायला माणूस हवाच होता. पण शब्दांपासून तिला उचलून पाकिटांपाशी बसवलं जाणार होतं, आणि हे काम सोडून दुसरं काही आपल्याला येतं असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तिची झोप उडाली.

"मी बोलते ना," कात्री म्हणाली. "मला बोलावणारच आहेत. कापणारीनेच सांगितलं की हे कापू नका, तर त्यांना ऐकावं लागेल. तू तोंड उघडू नकोस, तुला नीट बोलता येत नाही, तू रागावतेस."

हे खरंच होतं. मुळेबाईने ते मानलं.

समितीत तिघेजण होते. त्यांनी मुळेबाईला बोलावलंच नाही. कात्री चाळीस मिनिटं आत होती. बाहेर आल्यावर तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि म्हणाली, "झालं. नीट झालं सगळं." त्या दिवशी तिने डबा अर्धाच खाल्ला. मुळेबाईला वाटलं, बिचारी आपल्यासाठी बोलून बोलून दमली. तिने स्वतःच्या डब्यातलं सफरचंद कापून तिच्यापुढे ठेवलं.

अहवाल तीन आठवड्यांनी आला आणि सगळ्यांच्या मेजावर एकेक प्रत पडली. मुळेबाईने थेट शेवटचं पान उघडलं. टिपा गाळाव्यात. ठीक. निदान ते लढून गेलं, असं ती स्वतःला समजावत होती, आणि तेवढ्यात मधल्या एका परिच्छेदावर तिची नजर पडली. 'उदाहरणार्थ, मीथॉट या एका अप्रचलित रूपासाठी चौदा महिने खर्च झाले. त्यांपैकी तीन महिने संबंधित कर्मचारी केवळ मेजावर बसून होत्या व त्यांचे काम परस्पर अन्य कर्मचाऱ्याने केले, असे विभागातून समजते. इतक्या काळानंतर हाती आलेला अर्थ दोन शब्दांचा आहे.' एका सदस्याने कडेला पेन्सिलीने 'डोंगर पोखरून उंदीर' असं लिहिलं होतं, आणि प्रती काढताना तेही छापलं गेलं होतं. एरवी ती हसली असती, कारण उंदीर खरोखरच लहान होता.

ती हसली नाही. तिने परिच्छेद पुन्हा वाचला. विभागातून समजते. विभागात ते समजायला एकच माणूस होतं, आणि ते या क्षणी एक हात अंतरावर खाली मान घालून पट्टीने ओळी मोजत होतं. मेज गेलं याचं मुळेबाईला काही वाटेना. आई मरत होती ते तीन महिने कोणीतरी कपाटातून काढून तीन अनोळखी माणसांसमोर मांडले होते, आणि त्यांनी ते मोजून घेतले होते. केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार तिने शंभर वेळा वाचला होता. कापला जाणारा ओरडत का नाही, ते तिला त्या दिवशी कळलं. केस ओळखीचा असतो.

कात्री झेरॉक्सच्या खोलीत गेली तशी तीही गेली. दार लावून घेतलं.

"तीन महिन्यांचं तू सांगितलंस?"

कात्रीने हातातले कागद टेबलावर आपटून सारखे केले. "अगं, त्यांनी विचारलं, एका शब्दाला इतका वेळ कसा. मला वाटलं, कारण सांगितलं तर समजून घेतील."

"कारण नाहीये त्यात. माझी आई नाहीये त्यात. नुसते महिने आहेत."

"ते त्यांनी गाळलं. मला काय माहीत असं लिहितील? मला वाटलं, माणसंच आहेत ती."

"आणि मला न सांगता गप्प बसलीस तीन आठवडे."

"मला वाटलं, कशाला आधीपासून तुझ्या जिवाला घोर."

मशीन मागे घरघरत होतं. मुळेबाईने हात लांबवून ते बंद केलं. "तुला वाटलं, तुला वाटलं, तुला वाटलं," ती म्हणाली. "म्हणजे तू काही केलंच नाहीस. तुला फक्त झालं. आता मी ने सुरू होणारं एक वाक्य बोल माझ्याशी."

कात्रीचा चेहरा बदलला. ती रडेल असं मुळेबाईला वाटत होतं, पण ती रडली नाही.

"मी तीन महिने तुझं काम केलं," कात्री म्हणाली. "मी. माझी मान मोडेपर्यंत. खाली तुझी अक्षरं घालून. कोणाला बोलले मी? दोघींच्या मेजांपैकी एक जाणार होतं. साहेबांनी मला आधीच सांगितलं होतं, एकच राहील, कुणाचं ते समिती ठरवेल. मग त्यांनी विचारलं, तुम्ही दोघींनी काय काय केलंत. मी केलं ते मी सांगितलं. खोटं सांगितलं का?"

"आधी म्हणजे कधी सांगितलं साहेबांनी?"

कात्रीने सारखे केलेले कागद पुन्हा सारखे केले.

"कधी?"

"पाहणीच्या पंधरा दिवस आधी."

मुळेबाईने बोटांवर मोजल्यासारखे ते दिवस आठवले. त्या पंधरा दिवसांत रोज डबा एकत्र खाल्ला होता. त्यातल्याच एका दिवशी कात्रीने तिला तोंड उघडू नकोस म्हणून बजावलं होतं. "आणि मी बोलते ना, म्हणालीस ते?"

"बोललेच की," कात्री म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. एक चष्मा त्याच्या हातात होता, त्याची दांडी तो सरळ करत होता. "तिच्या जागी तू असतीस तर?" त्याने विचारलं. त्याला सगळ्यांची नजर तपासायची सवय, बायकोचीही.

"मी नसतं सांगितलं."

"मेज गेलं असतं तरी?"

"गेलंच ना माझं," ती म्हणाली आणि आत गेली. तो मागून काहीतरी बरं बोलला, ते तिने ऐकून घेतलं नाही. तिला कोणाची बाजू समजून घ्यायची नव्हती. इतकी वर्षं शब्दांच्या बाजू समजून घेऊन ती दमली होती.

खाली जायला पंधरा दिवस उरले असताना एमच्या पानांचं प्रूफ आलं. दोघींची मेजं अजून चिकटलेलीच होती, पण मध्ये कार्डांचे खोके रचले गेले होते. कोणी रचले ते दोघींनीही विचारलं नव्हतं. मुळेबाईने पान उलटलं. टिपा गेल्या होत्या, ते अपेक्षितच होतं. मीथॉटपुढे एक ओळ होती: 'मी विचार केला. थिंकचे जुने रूप.' आणि तिच्यापुढे बारीक टायपात मुळेबाईची दोन अक्षरं.

पहिल्या आवृत्तीतली चूक जशीच्या तशी परत आली होती, आणि या वेळी तिच्या नावावर. तिने खोका बाजूला सारला.

"हे कोणी लिहिलं?"

"टीप गाळली की काय उरतं?" कात्री वर न बघता म्हणाली. "साहेब म्हणाले, नवीन काही नको, जुनीच ओळ ठेवा. मी ठेवली. पण मला वाटलं, तुझी अक्षरं तरी राहू देत. कुठेतरी नाव राहील तुझं."

"तुला माहीत होतं हे चूक आहे. जगात दोघींना माहीत होतं. त्यातली एक तू."

मुळेबाईने लाल पेन्सिल उचलली आणि स्वतःची दोन अक्षरं खोडली. एका रेघेने नव्हे, कागद चुरगळेपर्यंत. मग शेजारच्या समासात ठसठशीत हाताने कात्रीची दोन अक्षरं लिहिली आणि पान तिच्यापुढे सरकवलं.

"तू लिहिलंस, तर अक्षरं तुझी. उद्या कोणाला चूक सापडली तर कान तुझा धरू देत. माझ्यासाठी काही राहू देऊ नकोस."

कात्रीने पान स्वतःकडे ओढून घेतलं. "बरं," ती एवढंच म्हणाली. मुळेबाई खुर्चीत टेकली. कित्येक आठवड्यांनी तिला हलकं वाटलं. शेवटी का होईना, त्या बाईच्या गळ्यात तिचं कर्म तिने स्वतःच्या हाताने बांधलं होतं.

तळमजल्यावरचं टपाल वाटतं तितकं वाईट नव्हतं. पाकिटं भांडत नाहीत. वाचकांनी कळवलेल्या चुकाही तिथेच येत, आणि त्या शुद्धिपत्राच्या छापील तक्त्यात भरून वर पाठवायचं काम तिच्याकडेच होतं. निदान एवढा धागा उरला होता. सात महिन्यांनी नव्या आवृत्तीचे खोके आले तेव्हा पहिला खोका तिनेच उघडला. तक्ता पुढ्यात घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि एमची पानं काढली. खरं सांगायचं तर ती या पानाची सात महिने वाट बघत होती. त्या नोंदीवरची पहिली तक्रार ती स्वतःच नोंदवणार होती, कात्रीच्या नावानिशी.

'मीथॉट: मला वाटले. वाटणे या अर्थाच्या एका लुप्त क्रियापदाचा भूतकाळ. विचार करणे या अर्थाच्या थिंकचे रूप नव्हे. यातील मी म्हणजे मला. पाहा: हिम थॉट, त्याला वाटले.'

अडीच ओळी. चौदा महिने अडीच ओळींत बसवले होते, आणि एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. इतकं नेटकं मुळेबाईला स्वतःला कधीच जमलं नसतं. शेवटी बारीक टायपात कात्रीची दोन अक्षरं होती.

आतला फोन वाजला.

"आले ना खंड?" कात्री विचारत होती. आवाज मोकळा होता, पूर्वीसारखा. "पाहिलंस? तू त्या दिवशी तशी चिडून गेलीस, मग मला काही राहवेना. मी साहेबांकडे गेले. मी भांडले त्यांच्याशी, दीड ओळ वाढवून घेतली, सबंध पान मी पुन्हा लावून घेतलं. समितीतल्या त्या पेन्सिलवाल्याचा फोन आला होता, फार सुंदर नोंद आहे म्हणाले. साहेबांनी प्रस्तावनेतही घातलंय." मग ती जरा थांबली. "अक्षरांचं मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, प्रुफावर त्यांच्याच हातची दुरुस्ती आहे, तशीच राहू द्या."

"हो," मुळेबाई म्हणाली. "माझ्याच हातची आहे."

"बरोबर छापलंय ना सगळं? तू बघ हं नीट. तुझ्याइतकं कोणाला कळणार."

मुळेबाईने फोन खांदा आणि कानामध्ये धरला आणि नोंद पुन्हा वाचली, अक्षर न् अक्षर, स्वल्पविराम न् स्वल्पविराम. तक्ता समोर होता आणि पेन उघडं होतं. नोंदीत एकही चूक नव्हती.